गर्भाशय काढण्याआधी इंजेक्शनं, की थेट ऑपरेशन?

फायब्रॉइडमुळे, म्हणजे गर्भाशयातल्या साध्या गाठींमुळे, गर्भाशय नाभीपर्यंत वाढलंय आणि हिमोग्लोबिन ८ वर आलंय, अशा वेळी मी ल्युप्रोलाइडच्या, म्हणजे स्त्री-हार्मोन तात्पुरतं घटवणाऱ्या औषधाच्या, बाजूने. महिन्याला एक इंजेक्शन, ३ ते ४ महिने. पाळी थांबते, लोहाच्या गोळ्यांनी रक्त भरून येतं, गर्भाशय आकसतं. मग उभ्याऐवजी आडवा छेद पुरतो, कधी योनिमार्गानेही शस्त्रक्रिया जमते. पण अंगातून वाफा, घाम, झोपमोड. मुंबईच्या मे महिन्यात, भरल्या लोकलमध्ये हे सोसणं सोपं नाही. सुरुवातीला रक्तस्राव वाढू शकतो, हे बाईला आधीच सांगायला हवं. ६ महिन्यांपुढे हाडं विरळ होतात.

थेट ऑपरेशनात इंजेक्शनांचा खर्च वाचतो. रक्त चांगलं, गाठ मध्यम असेल तर तेच बरं. कॅन्सरची शंका असेल तर आधी तपासणी, इंजेक्शनांत महिने घालवू नयेत.