‘३५ ते ५५ गाठींचे फटके’: बोटीवाल्यांसाठी भाषांतर ॲपची पारख

रत्नागिरी-गुहागरकडची बोटीवर जाणारी पोरं क्रोएशियातल्या रियेका, स्प्लिट बंदरांना लागली की बहुतेकांची भिस्त फोनमधल्या फुकटच्या भाषांतर ॲपवर. दुकान, तिकीट, डॉक्टर यांना ते पुरतं. वाऱ्यापाशी गडबडतं.

पहिली गोष्ट, थेट मराठी निवडू नका. हवामानाच्या ओळीतलं ‘उदारी ३५–५५ च्वोरोवा’ मराठीत ‘३५–५५ गाठींचे फटके’ होऊन आलं. ‘च्वोर’ म्हणजे दोरीची गाठ आणि वाऱ्याचा वेग मोजायचा नॉटही. ॲप इंग्रजीवरून फिरून मराठीत येतं, तिथे गाठच हाताला लागते. क्रोएशियन–इंग्रजी जोडीत हीच ओळ नीट येते.

पण तिथेही ‘ओलुय्नी व्येतार’ला ‘स्टॉर्म विंड’ म्हणतं. शब्दाला शब्द बरोबर, अर्थाने चूक. हा बोफर्टचा, म्हणजे वाऱ्याच्या जोराच्या मापपट्टीवरचा, ८ नंबर, इंग्रजीतला गेल, ३४ ते ४० नॉट. इंग्रजी ‘स्टॉर्म’ १० नंबरला, ४८ नॉटपासून. आणि आपलं हवामान खातं समुद्रातल्या चक्राकार प्रणालीत वारा ३४ नॉटला पोचला की चक्रीवादळ म्हणतं. तेव्हा शब्द सोडा, नॉटचा आकडा बघा.

वाऱ्यांची नावं भाषांतरित करूच नका. ‘बुरा’ डोंगरावरून समुद्राकडे कोसळतो, थंड आणि झोताझोताने. दिशा बघून कोणी त्याला मतलई म्हणेल, पण आपला मतलई पहाटे होडी बाहेर काढायला मदत करतो, बुरा दोर तोडतो. ‘युगो’ आग्नेयेचा, दमट, दोन-तीन दिवस लाटा चढवत नेणारा. ‘मायेस्त्राल’ उन्हाळी दुपारचा, आपल्या खाऱ्या वाऱ्याच्या जवळचा. ‘नेवेरा’ पश्चिमेकडून अचानक येतो. वळवाची आठवण व्हावी असा. टाइप करताना मध्ये एक ‘य’ घुसला की ‘नेव्येरा’, म्हणजे बेइमानी! ‘तुचा’ म्हणजे गारा आणि मारामारीही. अंदाजात ‘फाइट’ दिसली तर गारा समजा.

ओरडण्याचे शब्द सगळ्यात कच्चे. ‘क्रिक’ (एकच अचानक आवाज, समुद्रपक्ष्याचाही) आणि ‘व्रिसाक’ (कानठळ्या बसवणारी किंकाळी) दोन्ही ‘स्क्रीम’ होतात. ‘उर्लिक’मध्ये लांडग्याचं विव्हळणंही येतं आणि संतापलेल्या माणसाची डरकाळीही, ॲप ‘रोअर’वर थांबतं. उलट दिशेने ‘क्राय’ टाकलात तर ‘प्लाकाती’ मिळेल, म्हणजे रडणं. पाण्यातून हाक आली हे सांगायला त्याचा काय उपयोग? त्यासाठी एकच शब्द पाठ करा: ‘उपोमोच’, वाचवा.

क्रोएशियन–इंग्रजीला ५ पैकी साडेतीन, मराठीला दीड. क्रोएशियनचा ऑफलाइन पॅक घरच्या वायफायवर उतरवून घ्या, आणि अक्षरांवरच्या खुणा टाळायच्या नसतील तर क्रोएशियन कीबोर्डही चालू करा.