टिळकवाडीतला स्पोकन इंग्लिश क्लास: अप, ऑफ, आउट नीट शिकायचं असेल तर जावा

बेळगावात स्पोकन इंग्लिशचे बोर्ड काय कमी नाहीत, खरं टिळकवाडीत एक मॅडम जो क्लास घेतात त्याची पद्धत वेगळी आहे म्हणून सविस्तर लिहितोय. तिथं टेन्सपासनं सुरुवात होत नाही. पहिल्या दिवशी फळ्यावर मोठ्या अक्षरात ‘अप’ लिहितात आणि तो आठवडा सगळा अपचाच, मग ऑफ, मग आउट, ऑन, इन, डाउन, ओव्हर असं पुढं. बाकीकडं काय करतात, गेट घ्या, त्याच्याखाली गेट अप, गेट ओव्हर, गेट बाय असली लांबलचक यादी पाठ करा, टेक घ्या, परत यादी, आणि महिन्याभरात पोरं कंटाळून यायची बंद होतात. इथं क्रियापदामागं लागणारा छोटा शब्द धरून शिकवतात आणि माझ्या मते हेच बरोबर आहे, कारण त्या छोट्या शब्दांचे मोजके अर्थ एकदा डोक्यात बसले की नवीन जोडी दिसली तरी निम्म्याच्या वर अंदाज लागतो.

अपचा आठवडा एकदम भारी झाला. अप म्हणजे वर एवढंच आपल्याला माहीत, खरं वाढणं पण अपच (स्पीक अप, हीट अप) आणि पूर्ण संपवणं पण अपच. मॅडम म्हणाल्या, ईट म्हणजे खा, ईट अप म्हणजे खाऊन टाक, आणि कन्नड मीडियमच्या पोरांकडं वळून म्हणाल्या, तिंदुबिडु. सगळ्या वर्गाला एकदम कळलं बघा. मराठीतलं ‘टाक’ आणि कन्नडातलं ‘बिडु’ जे करतंय तेच काम इथं अप करतंय, हे खानापूरच्या पोराला पण कळतंय आणि बैलहोंगलच्या पोरीला पण. पुण्या-मुंबईत छापलेल्या गाइडात हे कुठं मिळणार?

ऑफला मात्र घाम फुटतो. सांबऱ्यावरनं विमान टेक ऑफ करतंय, मशीन स्विच ऑफ केलं, मीटिंग पुट ऑफ म्हणजे पुढं ढकलली आणि कॉल ऑफ म्हणजे रद्द, इथवर ठीक. पण लाइट गोज ऑफ म्हणजे लाइट गेली आणि अलार्म गोज ऑफ म्हणजे अलार्म वाजला, आणि ब्रिटिश माणूस मिल्क हॅज गॉन ऑफ म्हणाला तर दूध नासलं! मॅडमनी सांगितलं की ऑफ म्हणजे होतं त्या स्थितीतनं सुटणं, दूध चांगलं होतं ते बिघडलं, अलार्म गप्प होता तो सुटला. अलार्मचं जरा ओढूनताणून वाटलं मला, खरं लक्षात राहिलं एवढं नक्की.

आमच्या संध्याकाळच्या बॅचला उद्यमबागेतल्या कारखान्यांतली बरीच मंडळी असतात, त्यांच्यामुळं आउटचा आठवडा रंगला. क्रिकेटचा रनआउट सगळ्यांना माहीत, शाफ्टला डायल लावून रनआउट (फिरताना किती डोलतोय ते) बघतात तो पण माहीत, मग वुई हॅव रन आउट ऑफ स्टॉक म्हणजे माल संपला हे शिकायला वेळ लागला नाही. वेअर आउट म्हणजे टूल झिजणं, फाइंड आउट म्हणजे छडा लावणं, वर्क आउट म्हणजे हिशोब काढणं पण आणि जिम पण. एकानं कॉल ऑफची शंका काढली ती फार कामाची होती, कारण खरेदीच्या भाषेत मोठी ओपन ऑर्डर आधी देऊन ठेवलेली असते आणि त्यातनं लागेल तसा माल मागवणं याला पण कॉल ऑफच म्हणतात, त्यामुळं गिऱ्हाइकाचा मेल आला की प्लीज कॉल ऑफ फाइव्ह हंड्रेड पीसेस अगेन्स्ट द ओपन ऑर्डर तर घाबरायचं नाही, तो ऑर्डर रद्द करत नाहीये, माल मागतोय. मॅडमनी ते लगेच फळ्यावर घेतलं. विद्यार्थ्याकडनं शिकायला तयार असणारा शिक्षक मिळणं मोठी गोष्ट आहे.

बायोडेटात आपण सगळे ‘अमुक साली पासआउट’ लिहितोय त्याच्यावर पण चांगलं बोलल्या. आपल्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरला पासिंग आउट परेड होते ती बरोबर, लष्करात ट्रेनिंग पूर्ण होण्याला तसंच म्हणतात, खरं परदेशातल्या रोजच्या बोलण्यात पास आउट म्हणजे बेशुद्ध पडणं, तेव्हा ग्रॅज्युएटेड लिहा. तसंच कोप अप विथ नाही, नुसतं कोप विथ. फॉर्म फिल इन किंवा फिल आउट, टाकी फिल अप. बसमधनं गेट ऑफ, रिक्षातनं गेट आउट.

आता न पटलेलं. मॅडम या सगळ्या छोट्या शब्दांना प्रीपोझिशनच (शब्दयोगी अव्यय) म्हणतात, आणि तिथं मोठी अडचण होते. स्विच ऑफमधला ऑफ हे क्रियाविशेषण, म्हणून ‘इट’ मधी घुसतो, स्विच इट ऑफ, स्विच ऑफ इट चालत नाही. लुक आफ्टरमधला आफ्टर खरा प्रीपोझिशन, तिथं इट शेवटी, लुक आफ्टर इट. हा फरक पहिल्याच आठवड्यात सांगायला पाहिजे, तो कुणीतरी विचारल्यावर पाच मिनिटांत उरकला. दुसरं म्हणजे उच्चार. टर्न इट ऑफ म्हणताना जोर ऑफवर येतो, आपली पोरं टर्नवर देतात, आणि ऐकायचा सराव जवळजवळ नाहीच. आयईएल्टीएसला (परदेशी जायला लागणारी इंग्लिशची परीक्षा) बसणाऱ्यांनी ऐकण्याचं वेगळं बघावं लागेल. नोट्समध्ये रेनिंग कॅट्स अँड डॉग्स असल्या जुन्या म्हणी कशाला भरल्यात कळत नाही, आजकाल कोण बोलतंय तसं? त्या जागी अप इन द एअर म्हणजे अजून ठरलेलं नाही, किंवा आउट ऑफ द ब्लू म्हणजे ध्यानीमनी नसताना, असले रोज लागणारे घाला की. आणि ओव्हरचा आठवडा पार घाईत गुंडाळला, हँड ओव्हर, टेक ओव्हर सोडलं तर हाती फार काही लागलं नाही.

फी तीन हजार, दोन हप्त्यांत घेतात, नोट्स त्यातच. सकाळची बॅच कॉलेजच्या पोरांनी भरलेली असते, बोलायला पाळी येत नाही, नोकरीवाल्यांनी संध्याकाळचीच मागा. पहिले दोन तास बसून बघू देतात, शक्यतो नवीन शब्दाचा आठवडा सुरू होतो त्या सोमवारी जाऊन बसा.