१३५ मिमी: टाकुमार घ्यावी की ज्युपिटर?

कॅमेऱ्यावर स्क्रूसारख्या फिरवून बसवायच्या जुन्या, आट्यांच्या लेन्सची गोडी लागली की आधी पन्नास मिमी येते आणि लगेच मन लांबचं जवळ आणणाऱ्या १३५कडे धावतं. तिथे पोचल्यावर बहुतेक जण याच दोघींपाशी अडतात: जपानी सुपर-टाकुमार १३५ एफ ३.५ आणि सोव्हिएत ज्युपिटर-३७ए, तीही १३५ एफ ३.५च. (एफचा आकडा म्हणजे प्रकाश आत सोडणाऱ्या छिद्राचं माप; आकडा लहान तितकं छिद्र मोठं.) आटे दोघींचे एम४२, म्हणजे ४२ मिमी व्यासाचे, त्यामुळे नव्या कॅमेऱ्यावर बसवायला अ‍ॅडॉप्टर एकच चालतो. माझ्याकडे तीन वर्षं दोन्ही होत्या. आता एक आहे.

कॅमेरा निकॉनचा डीएसएलआर असेल तर मात्र आधीच थांबा. एम४२ लेन्सला फिल्मपासून ४५.४६ मिमी अंतर लागतं आणि निकॉनचं अंतर ४६.५ आहे. या एका मिलिमीटरपायी दूरचं काही फोकस होत नाही, आणि मध्ये काच असलेला अ‍ॅडॉप्टर लावला तर चांगल्या लेन्सचीही रया जाते. कॅननचा डीएसएलआर किंवा कुठलाही मिररलेस असेल तर काही अडचण नाही.

टाकुमार ओळखायला सोपी. पुढच्या कड्यावर सगळं लिहिलेलं असतं. नुसतं 'सुपर-टाकुमार' असेल तर काचेवरचं चमक अडवणारं कोटिंग जुनं. 'सुपर-मल्टी-कोटेड' असेल तर ती १९७१ नंतरची, आणि उन्हात हा फरक स्वच्छ दिसतो. या नंतरच्या लेन्सची एक खोड आधीच सांगून ठेवतो: छिद्र कॅमेऱ्याने मिटायचं की रिंगने हे ठरवणारं ऑटो-मॅन्युअलचं बटण लेन्स कॅमेऱ्यावर नसताना सरकत नाही, कारण मागे एक बारीक खिट्टी असते आणि ती दाबल्याशिवाय बटण सुटत नाही. 'बटण जाम आहे' म्हणून चांगली लेन्स परत करणारे लोक मी पाहिलेत.

ज्युपिटरवर नाव कधी रशियन लिपीत, कधी रोमनमध्ये. नंबराचे पहिले दोन आकडे बहुधा साल सांगतात, म्हणजे नंबर ७९ने सुरू झाला तर १९७९. प्रिझम आणि त्यातून जाणारा किरण अशी खूण असेल तर ती क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्याची. नावातला 'ए' म्हणजे मागचा आट्यांचा भाग वेगळा आहे आणि बदलता येतो. तो भाग हाताने हलवून बघा. ढिला असेल तर आकड्यांची रेघ वर न राहता बाजूला येते. चित्र बिघडत नाही, पण दर वेळी मान वाकडी करून आकडे वाचावे लागतात.

बुरशी, ओरखडे, धूळ कशी बघायची ते तुम्हाला ठाऊक असणारच, त्यात शिरत नाही. फक्त स्क्रूंच्या डोक्यांकडे नीट बघा. खाचा घासलेल्या असतील तर लेन्स आधी कुणीतरी उघडली आहे, आणि आत कुठलं ग्रीस भरलंय ते देव जाणे. माझ्या टाकुमारच्या खाचा घासलेल्याच होत्या. तेव्हा मला ते महत्त्वाचं वाटलं नाही.

चित्राचं म्हणाल तर माझ्या डोळ्यांना टाकुमार थोडी जास्त नेटकी वाटायची, विशेषतः समोरून ऊन असताना. सकाळी आमच्या सोलापुरात सिद्धेश्वर तलावाच्या पाण्यावर सूर्य चमकत असतो तेव्हा ज्युपिटरचं चित्र धुरकट होतं. हाताचा आडोसा केला की सुधारतं, पण तो एक हात कायमचा अडकतो. ज्युपिटरची रचना झाइस या जर्मन कंपनीच्या जुन्या सोनार लेन्सच्या घराण्यातली आहे आणि तिचं छिद्र लहान-मोठं करायला १२ पात्या आहेत. एफ ५.६ला आणलं तरी छिद्र गोलच राहतं. गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावरच्या पाळण्यांचे दिवे मागे ठेवून कुणाचा चेहरा टिपा, मागचा प्रत्येक दिवा लाडवासारखा गोल येतो. टाकुमारमध्ये तेच दिवे कोनदार होतात. हा आवडीचा प्रश्न आहे, पण मला गोल आवडतात.

हाताळणीत मात्र टाकुमारला तोड नव्हती. लहान, हलकी, आणि फोकसची रिंग फिरवताना लोण्यात बोट घातल्यासारखं वाटायचं. ज्युपिटर जड आहे, आणि तिची रिंग थंडीत आणखी जड होते. एवढ्यावरच ठरवायचं असतं तर मी डोळे मिटून टाकुमार ठेवली असती.

पण आमच्याकडे मे महिना असतो. पारा ४३-४४वर जातो आणि वरच्या मजल्यावरच्या खोलीतलं लोखंडी कपाट रात्री दहालासुद्धा हाताला गरम लागतं. लेन्स त्याच कपाटात होत्या. ग्रीस पातळ झालं की त्यातलं तेल सुटतं आणि हळूहळू पात्यांवर पसरतं. उन्हाळ्यात ते कळलंही नाही. कळलं जानेवारीत, सिद्धेश्वर यात्रेतल्या नंदीध्वजांच्या, म्हणजे उंच सजवलेल्या काठ्यांच्या मिरवणुकीत. सकाळचा गारवा होता आणि तेल घट्ट झालं होतं. मी एफ ८ला प्रकाश मोजून घेतला, रिंग ३.५वर नेऊन फोकस केला, परत ८वर आणली आणि बटण दाबलं. रिंग ८वर आली, पात्या अर्ध्यातच थांबल्या आणि प्रकाश जास्त शिरला. नंदीध्वज पेलणाऱ्यांच्या अंगात पांढरी बाराबंदी असते. फोटोत ती नुसती पांढरी फटफटीत, चुणी नाही की गाठ नाही. चाळीसेक फोटोंमधले सहा-सात धड आले. नंदीध्वज पुन्हा वर्षानेच येतात.

लेन्स दुरुस्तीला दिली. पात्या पुसून आल्या, छान चालायला लागल्या. पुढच्या पावसाळ्यात पाहतो तर पुन्हा तेल. तेलाचं मूळ फोकसच्या आट्यांतल्या ग्रीसमध्ये होतं आणि त्याला कुणी हातच लावला नव्हता. यात मूळ लेन्सचा दोष आहे असं मी म्हणणार नाही. मधल्या कुणाच्या तरी ग्रीसचा आणि माझ्या कपाटाचा आहे. तरीही टाकुमारसारख्या ऑटो लेन्समध्ये पात्या स्प्रिंगच्या जोरावर मिटतात, आणि ती स्प्रिंग नाजूक असते. जराशा तेलाने ती हरते.

ज्युपिटरच्या पात्यांवर मी घेतली त्या दिवसापासून तेल आहे. बॅटरी मारली की चकचकतात. त्या लेन्समध्ये स्प्रिंगच नाही. एका रिंगने हद्द ठरवायची, समजा ५.६, आणि दुसरी रिंग हाताने फिरवून पात्या उघडायच्या आणि मिटायच्या. बोटाला अडकल्याचं जाणवलं की ५.६ आलं. पात्या मी स्वतः ढकलतो, म्हणून तेल असो वा नसो, त्या जागेवर येतातच. सुरुवातीला या दोन रिंगांचा मला फार कंटाळा यायचा, मिटायला विसरायचो. महिन्याभरात बोटं शिकली. तेलाची वाफ काचेवर बसून धुकट थर येऊ शकतो, ते मात्र दोन्ही लेन्सना लागू आहे. म्हणून वर्षातून एकदा काचेतून आरपार उजेड बघतोच.

तुमचं घर थंड असेल, लेन्स न उघडलेली मिळत असेल आणि पोरांच्या मागे धावत फोटो काढायचे असतील, तर टाकुमार घ्या. ती तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त सुख देईल असं मला मनापासून वाटतं. फक्त विकणाऱ्याकडून एक व्हिडिओ मागून घ्या: सकाळच्या गारव्यात, एफ १६वर ठेवून मागची पिन बोटाने दाबून सोडताना. पिन दाबताच पात्या फटकन मिटल्या पाहिजेत. सरकत मिटत असतील तर किंमत कितीही उतरवली तरी नको.

सोलापुरात, वरच्या मजल्यावर राहत असाल तर मी ज्युपिटर सुचवेन. तिच्यासाठी विकणाऱ्याला पात्यांचं विचारायची गरज नाही. फोकसची रिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरते का, एवढं विचारा. आणि सोबत ऊन अडवायला एक रबरी हूड घ्या, ५२ मिमीचं बसतं.