दवाखान्याच्या दारात शुल्क: हंगेरी, जर्मनी आणि स्वीडन

'फुकटाची किंमत राहत नाही, थोडे पैसे घ्यायलाच हवेत,' हे सरकारी दवाखान्यांबद्दल सर्रास ऐकू येतं. महाराष्ट्राने १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरचे पैसेही बंद केले. ते बरोबर झालं का, हे ठरवताना युरोपातले तीन देश शेजारी ठेवून पाहावेत.

हंगेरीत २००७ मध्ये डॉक्टरच्या प्रत्येक भेटीला ३०० फोरिंट लागू झाले. रक्कम किरकोळ होती, तरी लोक खवळले. पगारातून आरोग्य विम्याची वर्गणी कापली जातच होती, डॉक्टरांना गुपचूप पाकीट देण्याची रीतही जुनीच. त्यावर हे तिसरं देणं. ९ मार्च २००८ च्या सार्वमतात ८० टक्क्यांहून जास्त मतं शुल्काच्या विरोधात पडली आणि १ एप्रिलपासून ते गेलं.

जर्मनीने २००४ पासून दर तिमाहीच्या पहिल्या भेटीला १० युरो घेतले. लोकांनी कुरकुरत का होईना, नऊ वर्षं भरले. वर्षाला सुमारे दोन अब्ज युरो जमायचे, पण पावत्या आणि वसुलीचं काम दवाखान्यांच्या गळ्यात पडलं, आणि डॉक्टरकडच्या खेपाही म्हणाव्या तशा कमी झाल्या नाहीत. २०१२ च्या नोव्हेंबरात संसदेने एकमताने ते रद्द केलं.

स्वीडनमध्ये मात्र शुल्क आजही आहे आणि त्यावरून रान पेटत नाही. बारा महिन्यांत साधारण १,४०० क्रोना भरून झाले की पुढच्या भेटी मोफत. मुलांना बहुतेक ठिकाणी काहीच पडत नाही. आजार लांबला तरी खर्च कुठे थांबणार, हे तिथे आधीच माहीत असतं. माझ्या मते लोकांची सहनशीलता रकमेपेक्षा या मर्यादेवर ठरते.

तरीही 'शुल्कामुळे विनाकारण येणारे थांबतील' हा युक्तिवाद मला पटत नाही. अमेरिकेत १९७० च्या दशकात रँड संस्थेने मोठा प्रयोग केला होता. खिशातून पैसे द्यावे लागले तेव्हा लोकांनी अनावश्यक उपचार टाळले, पण गरजेचेही जवळपास तितकेच टाळले.

आपली स्थिती हंगेरीच्या जवळची आहे. केसपेपर फुकट, पण औषध 'बाहेरून आणा' अशी चिठ्ठी हातात पडते, आणि तो खर्च कुठल्याच मर्यादेत मोजला जात नाही. या चिठ्ठ्या थांबेपर्यंत खिडकीवर वीस रुपये घेण्यालाही माझा विरोध राहील.