वडोदऱ्यात गुडघ्याचं ऑपरेशन, डॉक्टर नीट समजावून सांगतात

आम्ही दांडिया बाजारचे. आईच्या गुडघ्याचा इम्प्लांट, म्हणजे बसवलेला कृत्रिम सांधा, हाडाला धरून ठेवणाऱ्या सिमेंटपासून सुटला म्हणून इथे दुसऱ्यांदा ऑपरेशन केलं. डॉक्टरांनी काढलेला पार्ट दाखवला, खालची बाजू एकदम साफ, सिमेंटचा कणसुद्धा नाही! म्हणाले, हे सिमेंट म्हणजे पीएमएमए नावाचं एक प्रकारचं प्लास्टिक, गोंद नव्हे, खाचाखोचांत शिरून पकड घेतं, मधे रक्त नाहीतर हाडातली चरबी आली की पकड कमी झालीच, म्हणून हाड प्रेशरच्या पाण्याने धुऊन कोरडं करायचं आणि सिमेंट चिकट आहे तोवरच हाडाला आणि धातूलाही लावायचं, घट्ट व्हायला लागल्यावर नाही. इतकं कोण सांगतं हो? बिलिंग काउंटरवर मात्र फार ताटकळावं लागतं. आई आता जिना चढते, डॉक्टरांचे मनापासून आभार.