हेअरलूम बियाणं: सोलापूरच्या गच्चीवर दहा महिने वापरल्यावर

मागच्या वर्षी मे महिन्याच्या शेवटी ऑनलाइन चोवीस पाकिटं मागवली होती, सोळा भाज्यांची आणि आठ फुलांची, सगळी हेअरलूम, म्हणजे पिढ्यानपिढ्या बी धरून टिकवलेल्या जुन्या जातींची, आणि रेअर म्हणून विकतात तसली, एकूण अकराशे रुपयांच्या आसपास गेले. रिव्ह्यू तेव्हाच टाकणार होते पण नुसतं उगवलं म्हणून पाच स्टार देऊन मोकळं व्हायचं हे मला पटेना, कारण हेअरलूमला जास्तीचे पैसे आपण कशाला मोजतो तर त्याचं बी धरता यावं आणि पुढच्या वेळी तसंच झाड यावं म्हणून. हायब्रीडचं, म्हणजे दोन जातींचा संकर करून केलेल्या एफ वनचं बी धरून लावलं की पुढची झाडं एकसारखी येत नाहीत, कुणी आईवर जातं कुणी बापावर. त्यामुळे धरलेलं बी दुसऱ्यांदा पेरून काय येतं ते बघायचं आणि मगच लिहायचं असं ठरवलं होतं. आता दुसरी पेरणी पण फळावर आलीये.

आमची परिस्थिती आधी सांगते नाहीतर पुण्याकोकणातली मंडळी विचारतील की आमच्याकडे तर हे छान येतं. जुळे सोलापुरात दुसऱ्या मजल्यावरची उघडी गच्ची, दुपारी फरशीवर पाय ठेववत नाही, एप्रिल-मेमध्ये बेचाळीस-त्रेचाळीस नेहमीचंच. नळाला पाणी रोज येत नाही, चार-पाच दिवसांनी येतं तेव्हा ड्रम भरून ठेवायचे, आणि बोअरचं पाणी एवढं जड की कुंड्यांच्या कडेला पांढरा थर धरतो. पाऊस म्हणाल तर जून-जुलै तोंडाला पानं पुसतो आणि सप्टेंबरमध्ये एकदम झोडपतो. पाकिटाच्या मागे पेरणीचे महिने छापलेले असतात ते आमच्यासाठी नाहीतच, हे मला चार महिने गेल्यावर कळलं.

आधी तक्रार करून घेते. आठ फुलांच्या पाकिटात एक सप्तरंगी गुलाबाचं होतं. चूक माझी पण आहे, मुलीने फोटो बघून हट्ट धरला आणि मी घेतलं. असा गुलाब झाडाला येतच नाही, पांढऱ्या गुलाबाचा देठ उभा चिरून वेगवेगळ्या रंगाच्या पाण्यात ठेवतात तेव्हा पाकळ्या तशा रंगतात. दहा बिया होत्या, एक उगवली ती कसलंसं गवत निघालं. विकणाऱ्याला फोटो पाठवले तर उत्तर आलं की उगवण हवामानावर अवलंबून असते, पैसे काही परत मिळाले नाहीत. मला पैशापेक्षा जास्त वाईट वाटलं ते पोरीचं, ती रोज शाळेतून आली की दप्तर टाकून आधी ती कुंडी बघायला जायची. निळी स्ट्रॉबेरी, काळा गुलाब असलं काही दिसलं तर त्या दुकानाची बाकीची पाकिटं पण नीट विचार करूनच घ्या. आणि नॉन जीएमओ, म्हणजे जनुकात बदल न केलेलं, असं मोठ्या अक्षरात छापतात त्याला भुलून जास्त पैसे देऊ नका, बीटी वांग्यावर, म्हणजे जनुकात बदल केलेल्या वांग्यावर, आपल्याकडे २०१० पासून स्थगिती आहे, त्यामुळे वांग्याच्या पाकिटावर तो शिक्का असला काय नि नसला काय.

आता चांगलं सांगते, आणि ते खरंच खूप आहे. सातपुती दोडका! ही मूळची बिहार-पूर्व उत्तर प्रदेशाकडची, तिकडे सतपुतिया म्हणतात. मृग लागल्यावर सहा बिया टोचल्या, पाच आल्या, दोन वेल ठेवले. आपल्या नेहमीच्या दोडक्याला नर फूल वेगळं मादी फूल वेगळं, फुलं उमलतात संध्याकाळी, गच्चीवर तेव्हा मधमाशी नसते मग मी सहा-सातच्या सुमाराला नर फूल तोडून हाताने लावत बसायचे. सातपुतीला ते काही करावं लागत नाही कारण एकाच फुलात दोन्ही असतं, घोसात चार-पाच-सात अशी बोटाएवढी दोडकी लागतात आणि एक तोडेपर्यंत पुढचा घोस तयार. ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत भाजी विकत आणली नाही म्हटलं तरी चालेल. शेंगदाण्याचं कूट घालून परतली की कोवळी सालासकट जाते, शिरा काढायची गरज नाही.

चौधारी घेवड्याने मात्र अंत बघितला. जूनमध्ये लावला, जुलैत मांडवभर वेल, ऑगस्ट गेला सप्टेंबर गेला नुसता पाला, आमचे हे म्हणाले काढून टाक जागा अडवतोय. मग वाचलं की हा दिवस लहान झाल्याशिवाय फुलावर येतच नाही, तुम्ही मेमध्ये लावा नाहीतर ऑगस्टमध्ये, फूल धरणार ते ऑक्टोबर उजाडल्यावरच. दसऱ्यानंतर फिकट निळी फुलं आली आणि दिवाळीच्या पुढेमागे शेंगा, चार कडांना झालर लावल्यासारख्या. बोटभर असतानाच तोडा, दोन दिवस राहिल्या की दोरे होतात. यावर्षी मी ऑगस्टच्या सुरुवातीला लावणार, दोन महिने पाणी वाचेल, आमच्याकडे ते महत्त्वाचं.

अबईचं पण तसंच भरवशाचं काम, हातभर शेंगा, पण कोवळीच शिजवून खायची, पिकलेल्या बिया कच्च्या खायच्या नाहीत, त्या बाधतात. वेलाला आधार मात्र दणकट लागतो, माझी बांबूची कमान एका वाऱ्यात आडवी झाली होती.

परदेशी टोमॅटोबद्दल सगळे विचारतात म्हणून जरा सविस्तर. चेरोकी पर्पल म्हणून अमेरिकेतल्या टेनेसीकडची जुनी जात आहे, विटकरी-जांभळं मोठं फळ. जूनमध्ये पाकिटावर लिहिल्याप्रमाणे रोपं केली, ऑगस्टमध्ये पांढऱ्या माशीने बोकड्या आला, पानं वळली, सगळी आठ झाडं उपटावी लागली. पिवळे चिकट सापळे लावले, निंबोळी अर्क मारला, पण एकदा पान वळलं की उपयोग नसतो. मग सप्टेंबरच्या शेवटी उरलेल्या बिया परत लावल्या आणि ही झाडं मस्त आली, जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसात पहिलं फळ तोडलं. चव! नुसतं मीठ लावून कडक भाकरीबरोबर खाल्लं, मला माझ्या माहेरचं लहानपणीचं गावरान टोमॅटो आठवलं, तो आंबटगोड दाट गर आताच्या बाजारातल्या टणक टोमॅटोत नाही. पण एका झाडाला चार-पाच फळं, बस. फेब्रुवारीच्या शेवटी ऊन चढलं आणि फुलं गळायला लागली, मार्चमध्ये एक फळ धरलं नाही. म्हणजे आमच्याकडे याला वर्षातून एकच खिडकी आहे, सप्टेंबर ते फेब्रुवारी. तेवढ्यात बसत असेल तर घ्या, रोजच्या भाजीसाठी घेऊ नका. त्याच पाकिटांतला पिवळा चेरी टोमॅटो मात्र मार्च संपेपर्यंत देत होता.

बी कसं धरलं ते सांगते कारण पहिल्यांदा मी चुकले, बिया तशाच कागदावर वाळत घातल्या आणि त्या कागदासकट चिकटून बसल्या. दुसऱ्यांदा पूर्ण पिकलेलं फळ चिरून बिया रसासकट काचेच्या ग्लासात काढल्या, वर मलमलचं फडकं बांधलं आणि ओट्याच्या कोपऱ्यात ठेवलं. तिसऱ्या दिवशी वर पांढरी साय धरली, आंबूस वास सुटला. त्यात पाणी ओतून ढवळलं की भरीव बिया खाली बसतात आणि पोकळ बिया गराबरोबर वर तरंगतात, वरचं अलगद ओतून द्यायचं, असं तीनदा केलं तेव्हा तळाला स्वच्छ बिया राहिल्या. बीभोवती जो बुळबुळीत थर असतो तो उगवण रोखून धरतो, आंबवल्यावर तो सुटतो. मग स्टीलच्या ताटात सावलीला वाळवल्या, अधूनमधून बोटाने हलवत. चेरी टोमॅटोच्या अशा वीस बिया फेब्रुवारीत ट्रेमध्ये टाकल्या, अठरा उगवल्या, पाकिटातल्या बियांपेक्षा जास्त!

भेंडीत मात्र गंमत झाली नाही, नुकसान झालं. लाल भेंडी आणि हिरवी गावरान भेंडी शेजारीशेजारी लावल्या होत्या. लाल भेंडी दिसायला सुंदर, चवीला भेंडीच, आणि शिजवली की रंग जातो, हिरवी होते, तेव्हा रंगासाठी घ्यायची असेल तर सॅलडमध्ये कच्चीच खा. दोन्हीच्या शेंगा झाडावर खडखडीत वाळवून बी धरलं आणि फेब्रुवारीत पेरलं. हिरवीच्या बियांतून सात झाडं आली, त्यातली दोन लालसर देठाची निघाली. भेंडी बऱ्यापैकी स्वतःचं स्वतः फलन करून घेते पण मधमाशा फिरल्या की थोडा संकर होतोच. ही गावरान भेंडी माहेरहून आणलेली होती, म्हणून जास्त लागलं. आता संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी उमलणाऱ्या कळीला वाढदिवसाच्या रिटर्न गिफ्टची जाळीची पोटली बांधते, फूल आतच उमलतं आतच मिटतं, शेंग धरली की पोटली काढून ही बियाची म्हणून खुणेला दोरा बांधायचा.

दोरा बांधायचं सासूबाईंकडून शिकले. त्यांचं माहेर मंगळवेढ्याकडचं, तिकडून आणलेलं काटेरी वांग्याचं बी त्यांच्याकडे किती वर्षांचं आहे त्यांनाही सांगता येत नाही. मी पाकिटातली पांढरी वांगी लावली तेव्हा त्या म्हणाल्या, "लाव की, पण माझं झाड या टोकाला अन् तुझं त्या टोकाला. आणि ही दोन फळं बियाची, भाजीला हात लावायचा नाही." फळ पार पिवळं पडून सुरकुतेपर्यंत झाडावर ठेवलं, मग चिरून बिया धुतल्या, वाळवल्या, राखेत घोळवून बाटलीत. भोगीला त्यांचीच वांगी, माझ्या वेलाचा पावटा, ओला हरभरा तेवढा बाजारचा. पांढरं वांगं दिसतं छान पण आमच्या घरात मसाल्याला ते कुणाला आवडलं नाही, सगळ्यांनी काटेरीच मागितलं.

समोर राहणाऱ्या तेलुगू अक्कांनी माझ्याकडची लाल देठाची अंबाडी बघितली आणि म्हणाल्या हे पुंटिकूरा तर आम्ही घरचंच लावतो, पाकिटाचे पैसे कशाला दिलेस. दुसऱ्या दिवशी एका वाटीत बी घेऊन आल्या. दोन्ही शेजारी लावलं, त्यांचं आठवडाभर आधी तोडणीला आलं आणि उन्हात पण टिकलं. तेव्हापासून मी ऑर्डर करायच्या आधी गल्लीत विचारते. राहीबाई पोपेरे यांना २०२० मध्ये पद्मश्री मिळाली ती अशाच कामासाठी, अकोले तालुक्यात कोंभाळण्याला त्यांनी घरातच गावरान बियांची बँक उभी केली. आपल्या मंगळवेढा-अक्कलकोट-बार्शीच्या घराघरातून पण डब्यात असं बी असणार, ते कुणी मागितलं नाही म्हणून तिथेच किडून जातं याचं मला फार वाटतं.

फुलांचं थोडक्यात. दुहेरी पाकळ्यांची निळी गोकर्ण रात्रभर भिजवून लावली, दहातल्या आठ आल्या, ऊन पाणी कशाचंच तिला काही नाही. झिनिया उत्तम. पिवळ्यावर गुलाबी रेघा असलेली गुलबक्षी माझी सगळ्यात आवडती, पाच वाजता उमलायला लागते आणि एका झाडावर दोन फुलं सारखी नाहीत. लार्कस्पर, पॉपी वगैरे थंडीची फुलं रोपं दिसेपर्यंत आली आणि फेब्रुवारीत करपली, ते पैसे वाया.

तर भाज्यांत सातपुती, अबई, चौधारी, चेरी टोमॅटो नक्की घ्या, गोकर्ण आणि गुलबक्षी पण. एकूण पाकिटांना साडेतीन स्टार, अर्धा त्या गुलाबामुळे कापला. माझ्याकडे सातपुतीच्या चाळीसेक बिया शिल्लक आहेत, काडेपेट्यांत भरून मुलीने वर नाव आणि महिना लिहिलाय. सोलापुरातल्या कुणाकडे गावरान शेंदाडं किंवा जुनं चिबूड असेल तर मृगाच्या आत बदल्यात देईन.