शी-बॉक्स पोर्टल: तक्रार पोचते, पण सूड कोण अडवणार?

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाची तक्रार घेणारं केंद्र सरकारचं हे पोर्टल ऑगस्ट 2024 मध्ये नव्या रूपात आलं. पोचवण्याचं काम ते नीट करतं. तक्रार तारखेनिशी नोंदली जाते, थेट समितीकडे जाते, आणि तपशील समितीच्या अध्यक्षांपलीकडे कुणाला दिसत नाही. "आमच्याकडे अर्ज आलाच नाही" म्हणायची सोय मॅनेजरला उरत नाही. एवढ्यासाठी पाचपैकी चार.

तक्रार कुणाकडे जायची हे आधी पक्कं करा. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर अंतर्गत समिती. गोव्यात वेर्ण्याच्या कारखान्यात ठेकेदारामार्फत लागलेल्या बाईलाही तिथल्या समितीकडे जाता येतं. किनाऱ्यावरचा चार-सहा जणांचा शॅक (हंगामी खानावळ) असेल, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती.

मुदत घटनेपासून 3 महिने, प्रकार वारंवार घडला असेल तर शेवटच्या घटनेपासून. कारण पटलं तर समिती ते लेखी नोंदवून आणखी 3 महिने देऊ शकते. किनाऱ्यावर घोटाळा इथेच होतो. मार्चमध्ये प्रकार घडतो, "सीझन जाऊ दे, मग बघू" म्हणत मे उलटतो, शॅक उतरतो, साक्षीदार आपापल्या गावी जातात.

संरक्षणाला मात्र पाचपैकी एकच. तक्रार नोंदली म्हणून सूड थांबत नाही, आणि तो उघडपणे येतही नाही: रोस्टरवर अचानक रोज ब्रेक शिफ्ट (मध्ये मोठी सुट्टी देऊन दोन तुकड्यांत काम), सर्व्हिस चार्जच्या वाट्याला कात्री, "पुढच्या सीझनला कळवतो". यावरचा उपाय कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याच्या कलम 12 मध्ये आहे, पण तो लेखी मागावा लागतो. चौकशी चालू असताना तुमची किंवा ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याची बदली, हक्काच्या रजेशिवाय 3 महिन्यांपर्यंत रजा, आणि त्याच कायद्याखालच्या नियम 8 प्रमाणे तुमच्या कामाचा अहवाल त्याच्याऐवजी दुसऱ्या अधिकाऱ्याने लिहिणं, हे समिती सुचवू शकते. हा शेवटचा मुद्दा फार थोड्या जणी मागतात. अप्रेझल त्याच्याच हातात असेल तर तोच सगळ्यात मोलाचा. म्हणून तक्रारीसोबतच हा अर्ज द्या, आणि आधीच्या दोन-तीन महिन्यांचे रोस्टर व पगारपत्रकं जोडा. फरक कागदावर दिसला पाहिजे. छळाशी जोडून नोकरीची धमकी मिळाली तर कलम 3 खाली तोही छळच ठरू शकतो. तीही तारखेसह कळवा.

समिती घाई करत असेल तर सावध राहा. गोवा विद्यापीठातल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 12 मे 2023 रोजी ज्याच्याविरुद्ध तक्रार होती त्याची बडतर्फी रद्द केली ती चौकशी घाईने उरकली म्हणून, आणि प्रकरण पुन्हा समितीकडे गेलं. चौकशीला 90 दिवसांची मुदत आहे. ती नीट वापरायला लावा.

पगारातला किंवा जातीवरून होणारा भेदभाव या पोर्टलवर चालत नाही. त्यासाठी 15100 वर विधी सेवा प्राधिकरणाला फोन करा. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, आणि कलम 12 चा अर्ज लिहून घ्यायलाही त्याची मदत मागता येते.